हात गुंतले की डोकं सुटतं

राणी, स्वतःचं घर मांडलंस, छान झालं. आता दिवसभर लॅपटॉप आणि वर घरकाम, म्हणून वैतागतेस ते कळतं गं. पण हीच कामं तुला धडधाकट ठेवतील.

१. सकाळी मोबाइलआधी गॅलरीचं दार उघड, तुळशीला पाणी घाल, जरा उजेडात रेंगाळ — सकाळच्या उजेडावर शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते.

२. ऑफिसचा फोन आला की उठून उभी राहा — १९५३ साली जेरी मॉरिस या संशोधकांनी दाखवून दिलं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. मात्र कधी जिना चढताना छातीत दाटून आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

३. जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, ओटा आवर, चार फेऱ्या मार — पाय चालले की रक्तातली साखर एकदम चढत नाही. पाय हलले, पोट हसलं!

४. फरशी पुसताना ‘हा माझा व्यायाम’ असं मनात आण — अमेरिकेत हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या ८४ बायकांपैकी काहींना तसं समजावून सांगितलं, आणि चार आठवड्यांत त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडे उतरले. २००७ सालचा हा अभ्यास छोटाच, पण मला फार पटतो.

५. मेथी निवडायला टीव्ही बंद करून खाली मांडी घालून बस. मुळांची माती झटक, पानं खुड, कोवळी देठं राहू दे, जून तेवढी काढ — बोटांना हिरवा वास लागेपर्यंत डोक्यातला ऑफिसचा गलबला खाली बसलेला असतो. गुडघा कुरकुरला तर खुर्ची घे, हट्ट नको.

६. शेजारच्या काकूंशी दारात दोन शब्द बोल — बंद दारामागे मन आंबतं.

७. आणि हे नीट ऐक: भांडी जावईबापूंकडे दे, कायमची — एकटीवर पडलेल्या कामाचा व्यायाम होत नाही, नुसता शीण होतो आणि मनात राग साठतो. ते घासत असताना मागे उभी राहून ‘असं नाही, तसं’ म्हणायचं नाही. कढईला थोडं तेल राहिलं तर राहू दे, पुढच्या आठवड्यात निघेल.