ट्रॅक्टरवरची गाणी

प्रश्न : ट्रॅक्टरवर लावायला मी तालुक्याच्या गावातून पेनड्राइव्ह भरून आणतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शे-पन्नास रुपयांत हजारभर गाणी मिळतात. मुलगा म्हणतो, "बाबा, ही चोरी आहे, आत टाकतील." खरंच टाकतील का? आणि सगळं गावच हे करत असेल, तर त्यावर उपाय काय?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मुलगा कायद्याला धरून बोलतोय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, म्हणजे पोलिसांना वॉरंटाचीही गरज नाही. मात्र धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. तेव्हा घाबरायचंच तर आधी दुकानदाराने घाबरावं.

या कायद्यातली एक गंमत पाहा. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही, तशी सूट कलम ५२ मध्येच आहे. पण त्याच वरातीसाठी दुकानातून चोरीची गाणी भरून आणली की झालाच!

जुनी गाणी तरी फुकट असतील, असं तुम्हाला वाटेल. अर्धवट खरं आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९६० साली निघालेल्या रेकॉर्डवरचा हक्क २०२० अखेर संपला. शब्द आणि चाल यांचा हिशोब मात्र वेगळा. तो हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कवी ग. दि. माडगूळकर, म्हणजे गदिमा, १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ पर्यंत राखलेले. संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत.

"कंपन्यांनी भरपूर कमावलंय, आपल्या हजार गाण्यांनी त्यांचं काय बिघडतं?" हे नेहमीचं उत्तर २०१२ पर्यंत थोडंफार चालून जायचं. तोवर गीतकार-संगीतकार बहुतेकदा एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून देत. जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलेल्या दुरुस्तीने ते बदललं. आता रॉयल्टीतला त्यांचा वाटा कंपनीला आपल्या नावावर लिहून घेता येत नाही. त्यामुळे चोरीच्या पेनड्राइव्हवर कंपनीबरोबर कवीचेही पैसे बुडतात.

म्हणून ऐकणाऱ्यांना धरून न्यायचं का? अमेरिकेने ते करून पाहिलं. २००३ पासून पाचेक वर्षांत तिथल्या कंपन्यांनी सुमारे ३५ हजार लोकांवर कारवाया केल्या. मिनेसोटातल्या एका आईला २४ गाण्यांसाठी २००९ मध्ये ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलर भरायला सांगितले. नंतर रक्कम २ लाख २२ हजारांवर आली, पण तेवढी तरी ती आई कुठून भरणार? कंपन्यांची छी-थू झाली आणि डाउनलोड चालूच राहिले. २००८ च्या अखेरीस कंपन्यांनीच सरसकट खटले भरणं थांबवलं. फ्रान्सने तर तीन इशाऱ्यांनंतर इंटरनेट तोडण्याची शिक्षा आणली होती, ती २०१३ मध्ये गुंडाळली.

चोरी हटली ती विकत घेणं सोपं झाल्यावर. आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि शहरातल्या पोरांना गाणी उतरवून ठेवायची गरजच उरली नाही. शिवारात रेंज नसते. ॲपमध्ये उतरवलेलं गाणं त्या ॲपबाहेर निघत नाही, पेनड्राइव्हवर तर नाहीच. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाचा विचार फार थोड्यांनी केला. पूर्वीची एचएमव्ही म्हणजे आताची सारेगामा, तिने २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला 'कारवां' काढला आणि तो घरोघरी गेला. म्हणजे भरलेल्या गाण्यांना लोक पैसे मोजतात, फक्त वस्तू समोर हवी.

माझ्या मते करायचं ते इथेच. दुकानदारावर धाड जरूर घाला, पण त्याला रास्त दरात परवानाही द्या. भरलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हमागे ठरलेली रक्कम कंपनीकडे आणि तिथून कवी-संगीतकाराकडे गेली, तर तोच दुकानदार विक्रेता होईल. आज त्याच्याकडे परवाना मागायची सोयच नसेल, तर नुसत्या धाडींनी एक दुकान बंद होऊन दुसरं उघडेल.

तुमच्यापुरता मार्ग असा : एखाद्या ॲपची वर्गणी भरा, घरी रेंज असताना गाणी फोनवर उतरवून घ्या आणि ट्रॅक्टरच्या टेपला ब्लूटूथ असेल तर जोडा. नसेल तर साधी ऑक्स वायरही चालते.