खांदा बदलायचा, मग स्नायू कशाला वळवायचा?

प्रश्न : आईचं वय ७१. उजवा हात वरही जात नाही, बाहेरही वळत नाही. सांधा बदलून त्याच वेळी पाठीचा स्नायूही वळवू, असं डॉक्टर म्हणतात. दोन्ही कशाला? – एक वाचक, कल्याण

उत्तर : फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५मध्ये आणलेल्या 'रिव्हर्स' सांध्यात गोळा आणि वाटीची अदलाबदल असते. त्यामुळे खांद्यावरचा डेल्टॉइड हा एकटा स्नायू हात उचलतो. बाहेर वळवणं मात्र त्याला फारसं जमत नाही. मग वेणी घालताना हात पुढेच कोसळतो. म्हणून लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या स्नायूची कंडरा दंडाच्या हाडाला बाहेरून जोडतात. एमआरआयमध्ये हात बाहेर वळवणारा टेरिस मायनर स्नायू शाबूत दिसला, तर एवढी भर नको, असं माझं मत. डेल्टॉइडची नस आधी तपासून घ्या. साधारण सहा आठवडे आधारपट्टा, नंतर कित्येक महिने व्यायाम. आणि हे कुणी सांगत नाही : पाठीमागे पदर खोचणं कदाचित अवघड होईल.