पाव किलो शिसव

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विद्युत गिटारीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे संगीताचे ज्ञान गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रापलीकडे जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु या वाद्याच्या लाकडावरून अमेरिकेत जो वाद झाला, त्याच्या मुळाशी 'तयार माल कशाला म्हणावे' हा प्रश्न होता आणि तो प्रश्न आमच्या अभ्यासक्रमातला आहे. शिवाय वादात सापडलेले लाकूड आपल्या सह्याद्रीत वाढणारे आहे. मराठीत ज्याला आपण शिसव म्हणतो आणि आमचे कन्नड मित्र बीटे म्हणतात, तेच ते.

प्रथम वाद्याविषयी थोडेसे. मिरजेच्या सतारीत तारेचा नाद भोपळ्यात घुमतो. भोपळा बदलला की आवाज बदलतो. विद्युत गिटारीचे तसे नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते व ॲम्प्लिफायर ती वाढवतो. म्हणजे चुंबकाचे लक्ष तारेकडे, लाकडाकडे नव्हे. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावरच तारा ताणून गिटार केली होती. ती गिटारीसारखी दिसावी म्हणून दोन्ही अंगांना एका जुन्या गिटारीचे अर्धे अर्धे भाग जोडले, इतकेच.

मग मागणीप्रमाणे हाताने घडवलेल्या गिटारींना महागडे लाकूड कशासाठी? कॅलिफोर्नियातील अलेंबिक या कारखान्याचे उदाहरण घेऊ. १९६९ साली 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाच्या परिवारात तो सुरू झाला आणि त्याच्या बेस गिटारींनी, विशेषतः स्टॅन्ली क्लार्क यांच्या हातात, मोठे नाव मिळवले. यांच्या बेसची दांडी एकसंध लाकडाची नसते. मेपल व जांभळ्या रंगाचे पर्पलहार्ट यांच्या उभ्या पट्ट्या सरसाने जोडून ती करतात आणि ती वाद्याच्या अंगातून थेट शेवटपर्यंत नेतात. तारांच्या ओढीने दांडी वाकू नये हा त्यातला हेतू. येथे लाकूड खरोखर काम करते. दर्शनी फळीचे मात्र वेगळे. मध्य अमेरिकेतील कोकोबोलो (ही शिसवाच्याच कुळातली) मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात, म्हणजे दोन्ही बाजूंना रेषांची सारखी नक्षी दिसते. हे निव्वळ डोळ्यांसाठी. त्यात वावगे काही नाही. आपल्या आजोबांनी शिसवी पलंग घेतला तो झोप चांगली लागते म्हणून थोडाच घेतला?

शिसवाची खरी जागा दांडीच्या माथ्यावरील पट्टीत, म्हणजे फिंगरबोर्डात. बोटांची व तारांची घासणी तेथे अखंड चालते. शिसव कठीण आणि तेलकट असल्याने त्यावर लाखेचा किंवा व्हार्निशचा थर द्यावा लागत नाही. मी सहज हिशेब केला. सुमारे वीस इंच लांब, पावणेतीन इंच रुंद व तीन अष्टमांश इंच जाड अशी कच्ची पट्टी पाव किलोच्या थोडी वर भरते. सारा वाद या पाव किलोचा.

ब्राझीलच्या रोजवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ साली साइट्स करारान्वये जवळजवळ बंद झाला. भारतीय शिसवाला मागणी त्याआधीपासून होतीच. पण आपल्या निर्यात धोरणानुसार शिसवाचे ओंडके किंवा चिरलेल्या फळ्या बाहेर पाठवता येत नाहीत; तयार माल पाठवता येतो. जकातीच्या वर्गवारीत सहा मिलिमीटरहून जाड चिरलेले लाकूड ४४०७ या शीर्षात, त्याहून पातळ पापुद्रा ४४०८ मध्ये आणि वाद्यांचे भाग ९२०९ मध्ये मोडतात. आता फ्रेटच्या खाचा न पाडलेली पट्टी कोठे बसवायची? सुताराला विचाराल तर ती फळी, व्यापाऱ्याला विचाराल तर वाद्याचा भाग.

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सन कंपनीच्या टेनेसी राज्यातील कारखान्यांवर छापे घालून भारतीय शिसव व आबनूस जप्त केले. मूळ देशाचा कायदा मोडून आलेले लाकूड बाळगणे हा तेथील लेसी कायद्याखाली २००८ पासून गुन्हा आहे. माल भारतातून रीतसर निघाला, असे कंपनीचे म्हणणे होते. २०१२ च्या तडजोडीत कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला, पण तो मादागास्करच्या आबनुसाच्या जुन्या प्रकरणाचा. भारतीय पट्ट्यांच्या वर्गवारीत संदिग्धता आहे, हे दोन्ही पक्षांनी मान्य केले आणि माल परत मिळाला. कंपनीने तो वापरून 'गव्हर्नमेंट सीरिज' नावाच्या गिटारी विकायला काढल्या. जप्तीचीच जाहिरात केली म्हणायची!

पुढे २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या व्यापाराला परवाने लागू लागले. फेंडर कंपनीने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना त्याच वर्षी पाउ फेरो हे दुसरे लाकूड लावले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडाला नाही. पुन्हा तोच 'तयार' शब्द.

काही मित्र म्हणतात, हा नुसता कागदी घोळ आहे. मला तसे वाटत नाही. शिसव सावकाश वाढते आणि निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ते संकटाच्या वाटेवरील झाडांत गणले जाते. सपाट पट्टी पाठवली तर आपल्या वाट्याला करवतीची मजुरी येते. खाचा पाडून, हलका बाक देऊन, शिंपल्याचे ठिपके जडवून पाठवली तर त्याच झाडामागे कारागिराची मजुरी येते, आणि तितक्याच पैशांसाठी झाडे कमी तोडावी लागतात. म्हैसूरला शिसवावर जडावकाम करणारे हात आजही आहेत.

अडचण आहे ती मापाची. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे नाहीत. उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागून येणाऱ्या अंतरावर पुढची खाच पडते आणि ती केसभर चुकली तरी सूर बिघडतो. परदेशी गिऱ्हाईक हे काम स्वतःकडे ठेवू पाहते त्याला हेही एक कारण आहे. नुसता कायदा बदलून किंवा ताणून ते काम इकडे येणार नाही. त्यासाठी खाचा पाडणारे नेमके यंत्र, पट्टी नीट वाळवण्याची सोय आणि पहिली दोन-तीन वर्षे नाकारलेला माल सोसू शकेल एवढे भांडवल लागेल.