फुटाचा दर ठरवण्याआधी

खडकवासला-किरकटवाडी भागात घर बांधायला ठेकेदाराला दर विचारला, की साहित्यासह चौरस फुटाला साधारण 1,800 ते 2,500 रुपये असा आकडा ऐकू येतो. त्यावर घासाघीस सुरू करण्याआधी त्यात काय धरलेलं नाही, ते लिहून घ्या. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, बोअर, वीजजोडणी आणि परवानगीचं शुल्क बहुधा दराबाहेरच असतं. जादा खोदाईही तशीच. काळी माती लागली, तर मुरूम किंवा खडक सापडेपर्यंत खाली जावं लागतं. म्हणून खोदाईचा दर घनमीटरवर वेगळा ठरवलेला बरा.

परवानगीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. 2021 मध्ये खडकवासल्यासह 23 गावं पुणे महापालिकेत आली. पण त्याच वर्षी शासनाने या 23 गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) नेमलं. तेव्हा नकाशा कुठे दाखल करायचा, हे अर्जाच्या दिवशी आर्किटेक्टकडून लेखी घ्या. शेजाऱ्याचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव उपयोगाचा नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाची प्रक्रिया सोपी केली आहे. मात्र मालकीची कागदपत्रं, आर्किटेक्टचा दाखला आणि शुल्काची पावती लागतेच. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, त्यामुळे ‘आपल्याला परवानगी नकोच’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गुंठ्याचा सातबारा, मोजणी आणि झोन दाखला हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) हद्दीलगत जागा असेल, तर संरक्षण खात्याची ना-हरकत लागते का, तेही आधी विचारा.

मुठा नदीकाठच्या प्लॉटला निळी आणि लाल पूररेषा पाहणं अटळ आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींवर होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि खडकवासल्याचा बांधही टिकला नाही, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. तरीही ‘पाणी इथवर येत नाही’ हा दलालाचा दाखला आजही चालतो.

खरा पैसा आणि खरी फसवणूक स्लॅबमध्ये आहे. हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास 12 घनमीटर काँक्रीट. एम-20 प्रतीच्या काँक्रीटसाठी 1:1.5:3 या प्रमाणात घनमीटरला सुमारे आठ पोती सिमेंट लागतं, म्हणजे 95 च्या आसपास पोती. ठेकेदाराने घनमीटरमागे दोन पोती मारली, तर 350 रुपये पोत्याने त्याचे आठ-साडेआठ हजार वाचतात. तुम्हाला मात्र पुढची कित्येक दशकं त्याच स्लॅबखाली काढायची आहेत.

त्याहून स्वस्तातला घोटाळा पाण्याचा. काँक्रीट लवकर पसरावं म्हणून मिक्सरमध्ये बादली ओतली जाते आणि मजबुती जाते. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकाच्या तक्त्यात एम-20 ला 50 किलोच्या पोत्यामागे 30 लिटर पाणी दिलं आहे. बादली मोजून टाका, असं मुकादमाला आदल्या दिवशीच सांगा. स्लॅबच्या दिवशी तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. एवढ्या काँक्रीटसाठी त्याच मानकानुसार दोन नमुने, म्हणजे सहा क्यूब भरायचे आणि 28 दिवसांनी तपासायचे. क्यूबचा तपासणीखर्च स्लॅबच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे. तो ठेकेदाराकडे न देता लॅबला स्वतः द्या.

ओतण्याआधी इंजिनिअरला बोलवा. कव्हर ब्लॉक स्लॅबला 20, कॉलमला 40 आणि फुटिंगला 50 मिलिमीटरचे हवेत. रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळवलेले हवेत. काटकोनात वळवून सोडलेली रिंग भूकंपात उघडते. पुणे भूकंपाच्या झोन तीनमध्ये आहे आणि 1967 चा कोयनेचा भूकंप फार दूरचा नव्हता. फ्लायअॅश मिसळलेलं सिमेंट असेल, तर किमान दहा दिवस क्युरिंग करा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याखालचे चौदा दिवस हलवू देऊ नका. सेंटरिंगवाला भाड्यासाठी घाई करतो, म्हणून त्याचे हे दिवस भाड्यासकट करारात लिहा.

हप्ते महिन्यांवर नको, टप्प्यांवर ठेवा: जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. गच्ची आणि बाथरूमची गळती त्याआधी कळत नाही.