केगावचा रस्ता आणि गावातले चौक



पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ शहराच्या दाट वस्तीबाहेर, पुणे महामार्गावर केगावला आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी ते स्थापन झाले. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्याच विद्यापीठाच्या सोलापुरातल्या पदव्युत्तर केंद्रातून हे नवे विद्यापीठ उभे राहिले. जुन्या महाविद्यालयांची गोष्ट वेगळी. १९४० चे दयानंद, १९५३ चे संगमेश्वर, १९६३ चे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय ही सगळी भर गावात आहेत. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात विद्यार्थी तिथे पायी नाहीतर सायकलने येत. सोलापुरात शिकायला येणाऱ्याचे दिवस कसे जातील हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते: तो गावात शिकतो की केगावला.

म्हणून खोली बघताना आधी वर्ग कुठे भरतात ते पाहावे, भाडे नंतर. केगावला प्रवेश मिळालेला मुलगा ओळखीच्या घरी स्वस्तात सोय होते म्हणून जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याला राहतो, तेव्हा भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात आणि त्याहून मोलाचा वेळही जातो, कारण रोज दोनदा सगळे शहर ओलांडावे लागते. अशा मुलाने वसतिगृह मिळते का ते पाहावे, नाहीतर बाळे किंवा जुना पुणे नाका या बाजूला खोली शोधावी. संगमेश्वरला शिकणाऱ्याने मात्र सात रस्त्याच्या आसपास राहावे. पायी जाता येईल इतके जवळ घर असणे ही विद्यार्थ्याला मिळणारी सर्वांत मोठी सवलत आहे.

केगावचा रस्ता सरळ आहे. एसटी स्टँड छत्रपती शिवाजी महाराज चौकाजवळ. तिथून जुना पुणे नाका, पुढे बाळे, मग केगाव. महापालिका परिवहनची बस स्वस्त पडते, पण ती हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सकाळची कोणती बस धरायची आणि संध्याकाळची शेवटची किती वाजता सुटते, हे वाहकालाच विचारून वहीत टिपून ठेवावे. एरवी शेअर रिक्षा असते. बसण्याआधी ती कुठपर्यंत जाणार हे विचारून घ्यावे, कारण बाळ्यापर्यंतच जाणारी रिक्षा मिळाली तर पुढचे अंतर महामार्गाच्या कडेने चालावे लागते.

मोहोळ, माढा या बाजूने येणाऱ्यांना एक सोय आहे. त्यांची एसटी शहरात शिरण्याआधी केगाववरून जाते, तेव्हा स्टँडपर्यंत जाऊन परत फिरण्याचे कारण नाही. फक्त गाडी तिथे थांबते ना, हे चढतानाच वाहकाला विचारावे. अक्कलकोटकडून येणाऱ्याला मात्र सगळे शहर पार करावे लागते, आणि त्याने रोज जाऊन येऊन शिकण्यापेक्षा आठवडाभर सोलापुरातच राहणे बरे. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो. महाविद्यालयाचा दाखला हातात पडताच तो काढून घ्यावा. २०२३ पासून मुलींना आणि महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे.

महामार्ग ओलांडणे ही सगळ्यांत जपण्याची गोष्ट. एका वेळी बस रस्त्याच्या या बाजूला मिळते, तर परतताना पलीकडच्या बाजूला उतरावे लागते. पुणे-हैदराबाद वाहतूक रात्रंदिवस चालू असते. हिवाळ्यात उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, आणि अंधारात मागची ट्रॉली दिसतच नाही. दुचाकीवाल्याने दिवस मावळल्यावर त्यांच्या मागे राहू नये आणि घाईने पुढेही काढू नये. उशीर झाला तर तास बुडाला तरी चालतो. मार्गशीर्षात बाळ्याच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा याच रस्त्यावर गर्दी होते. त्या दिवसांत अर्धा तास आधी निघावे.

गावात शिरल्यावर मात्र रस्त्यांची नावे फारशी कामाला येत नाहीत. सोलापूरकर पत्ता सांगतात तो चौकांवरून आणि पेठांवरून: सात रस्ता, पार्क चौक, दत्त चौक, कन्ना चौक, अशोक चौक, नवी पेठ, बुधवार पेठ. मध्यभागी भुईकोट किल्ला आणि त्याला लागून सिद्धेश्वर तलाव. ही जोडी मनात पक्की बसली की दिशा चुकत नाही. जवळच पार्क चौक आणि चार हुतात्मा पुतळा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या नावामागे हेच चौघे आहेत, हे त्या गाडीने जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. अशोक चौकापासून पुढचा पूर्व भाग विणकरांचा. तिथे तेलुगू कानावर पडते, अन्यत्र कानडी आणि दखनी; पण मराठीत विचारलेला पत्ता कोणीही नीट सांगतो. दुकानदाराला अण्णा किंवा मामा म्हणून विचारावे, तो काम सोडून कोपऱ्यापर्यंत येऊन वाट दाखवतो.

जुने गाव ओळखायची सर्वांत चांगली संधी जानेवारीत येते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगे स्थापली असे मानतात, आणि यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक त्या लिंगांना प्रदक्षिणा घालते. एकदा तरी त्या मिरवणुकीबरोबर चालावे; नकाशा पाहून जे महिनोन्महिने कळत नाही ते गल्ल्यांचे जाळे त्या दिवशी पायांना कळते. मात्र त्याच दिवसांत मंदिर आणि होम मैदानाच्या भोवतालची वाहतूक वळवलेली असते. परीक्षा किंवा गाडी असेल त्याने तो भाग टाळून जावे.

उन्हाचे वेगळे सांगायला हवे. मार्चपासून तापायला लागते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि नेमक्या त्याच काळात परीक्षा येतात. केगावच्या माळावर सावली थोडी. बाहेरची कामे, म्हणजे बँक, झेरॉक्स, दाखले, सकाळी अकराच्या आत उरकावीत. डोक्याला टोपी किंवा उपरणे आणि पिशवीत पाण्याची बाटली असावी. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा खोली घेताना पाणी किती दिवसांनी येते आणि साठवायला टाकी आहे का, हे घरमालकाला पहिल्यांदा विचारावे. खानावळ बंद असेल त्या दिवसासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी खोलीत ठेवावी; दोन्ही बरेच दिवस टिकतात.

सुट्टीला घरी जाऊन परतताना हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूरला रात्रीच पोहोचते. त्या वेळी केगावसाठी बसचा भरवसा धरू नये. गावातल्या मित्राकडे राहण्याची सोय आधीच ठरवावी, किंवा बरोबर तिघे-चौघे असतील तर स्टेशनवरून रिक्षा ठरवून घ्यावी आणि भाडे बसण्याआधी बोलून घ्यावे.