नवे फादर येतात तेव्हा



बदलीचे पत्र येते. एक फादर जातात, दुसरे येतात. कधी प्रमुख धर्मगुरू तेच राहतात आणि त्यांच्या मदतीला सहायक धर्मगुरू पाठवले जातात. स्वागताच्या दिवशी हार, शाल, नारळ सगळे रीतसर होते. खरी परीक्षा सुरू होते ती पुढच्या सहा महिन्यांत. "आधीचे फादर असे करत नव्हते" हे वाक्य तेव्हा घरोघरी ऐकू येते. आजच्या पाठात आपण या बदलाकडे श्रद्धेने आणि व्यवहारानेही पाहू या.

पवित्र शास्त्राची शिकवण

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11 वाचा. यरुशलेमच्या ख्रिस्तसभेने बर्णबाला अंत्युखियास पाठवले. तो तेथे नवा होता. त्याने आधी देवाच्या कृपेचे काम पाहिले, त्याला आनंद झाला, मग त्याने लोकांना धीर दिला. काम वाढल्यावर तो तार्सास गेला आणि शौलाला, म्हणजे पौलाला, घेऊन आला. दोघांनी वर्षभर एकत्र शिकवले. याच शौलाला यरुशलेमचे शिष्य पूर्वी भीत होते आणि तेव्हाही बर्णबाच त्याच्या बाजूने उभा राहिला होता (अध्याय 9). नव्या माणसासाठी जुन्याने शब्द टाकला, म्हणून ख्रिस्तसभेला पौल लाभला.

पण पवित्र शास्त्र मतभेदही लपवत नाही. पुढे मार्कला बरोबर न्यायचे की नाही यावरून या दोघांत तीव्र वाद होऊन ते वेगळे झाले (अध्याय 15). करिंथ येथे तर भाविकांनीच "मी पौलाचा", "मी अपोल्लोचा" असे गट पाडले. पौलाने त्यांना समजावले, की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली. शेतात राबणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

ख्रिस्तसभेचा नियम

1983 च्या धर्मनियम संहितेनुसार सहायक धर्मगुरू हे प्रमुख धर्मगुरूंचे सहकारी असतात. त्यांनी प्रमुख धर्मगुरूंच्या अधिकाराखाली, परस्पर विचारविनिमयाने काम करायचे असते आणि सुरू असलेल्या व नव्या उपक्रमांविषयी त्यांच्याशी नियमित बोलायचे असते. म्हणून एका फादरांनी 'नाही' म्हटले की दुसऱ्यांकडे जाऊन 'हो' मिळवायचे, ही सवय दोघांतही अंतर पाडते. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावी असा नियम आहे. धर्मग्राम सल्लागार समिती सल्ला देते, निर्णय धर्मगुरूंचा असतो. पण मनमोकळा सल्ला मिळालाच नाही, तर निर्णय चांगला कसा होणार?

आपला इतिहास

मराठवाड्यातील आपली श्रद्धा बाहेरून आलेल्यांनी रुजवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव येथे फ्रेंच मिशनरी फादर जाकिये यांनी काम उभे केले. त्याही आधी, 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले आणि त्यांनी ख्रिस्तपुराण रचले. 1977 मध्ये अमरावती धर्मप्रांतातून आपला औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. प्रत्येक वेळी कोणीतरी नवे होते आणि कोणीतरी त्यांना घरात घेतले.

आपण काय करावे?

1. नव्या फादरांना गावे दाखवा. कोणत्या वस्तीवर आजारी आहेत, कोणाकडे स्नानसंस्कार वा लग्न ठरले आहे, कोणती कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि कधी परततात, याची यादी समितीने व धर्मशिक्षकांनी पहिल्याच महिन्यात करून द्यावी.

2. बदलाचे कारण विचारा आणि आपली अडचणही सांगा. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळची मिस्सा लवकर ठेवली, तर शेतातले लोक पोहोचत नाहीत. हे पारावर कुजबुजण्यापेक्षा फादरांना सांगितले तर वेळ बदलू शकते.

3. हिशेब लेखी असावेत. बँकेची पुस्तके, पावत्या, अर्धवट बांधकामाचा खर्च आर्थिक समितीसमोर नव्यांच्या हाती द्यावा. निम्मे गैरसमज येथेच टळतात.

4. जुन्या फादरांवर प्रेम जरूर करा. पण फोन करून त्यांच्याकडे नव्यांच्या तक्रारी करू नका. त्यांनाही नव्या धर्मग्रामात मन रमवायचे आहे.

5. फादरांची भाषा, उच्चार वेगळे असतील तर मुलांसमोर नक्कल करू नका. मुले ऐकतात, आणि पुढच्या रविवारी शिकवणुकीच्या वर्गात हसतात.

नव्या फादरांकडूनही आपण एक अपेक्षा आदराने ठेवू या: बर्णबाप्रमाणे त्यांनी आधी पाहावे, मग बदलावे. मात्र पैशांचा घोटाळा, बालकांची असुरक्षितता किंवा कोणावर अन्याय दिसला, तर तेथे थांबणे योग्य नाही. ती गोष्ट लगेच जबाबदार व्यक्तींना, गरज पडल्यास महागुरुस्वामींना कळवावी.

कुटुंबात चर्चेसाठी

• आपल्या घरी फादरांविषयी बोलताना मुले काय शिकतात?
• नव्या फादरांना आपल्या वस्तीची कोणती माहिती केवळ आपणच देऊ शकतो?
• कोणत्या सेवेतून बाजूला होऊन आपण नव्याला जागा देऊ शकतो?

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत गेलेल्या, असलेल्या आणि येणाऱ्या सर्व धर्मगुरूंसाठी एक 'नमो मरिया' अवश्य म्हणू या.