कोंबडीच्या खाद्यात वनस्पती : आधी हिशेब, मग खरेदी

बेल्हे परिसरात दुकान किंवा कारागिरी सांभाळून अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्या बंधूंसाठी आजचा धडा आहे. खाद्यात हळद, लसूण, ओवा, शेवग्याचा पाला किंवा तयार वनस्पतीजन्य चूर्ण मिसळावे काय, हा प्रश्न आम्हाला विचारला जातो.

या प्रश्नामागे कारण आहे. खाद्यातून सर्रास अँटिबायोटिक दिल्याने जंतू औषधाला दाद देत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने वाढीसाठी अशी औषधे खाद्यात देणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिनवर बंदी आली. त्यामुळे वनस्पतींकडे लक्ष वळले.

गुण काय? ओवा-लसणातील उग्र द्रव्ये पाचक रस वाढवतात व आतड्यातील काही घातक जंतूंना आवर घालतात. झेंडूच्या पाकळ्यांनी बलक पिवळाधमक होतो. मात्र रंग चढला म्हणजे अंडे वाढले असे नव्हे. लसूण फार झाल्यास अंड्याला वास येऊ शकतो, आणि कडुनिंबाची पेंड जास्त पडली तर कोंबडी खाणे कमी करते.

आता हिशेब मांडू. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११५ ग्रॅम खाद्य खाते. हजार कोंबड्यांना ११५ किलो लागेल. किलोमागे ५ ग्रॅम हळद धरली तर रोज ५७५ ग्रॅम. हळद २०० रुपये किलो धरल्यास रोजचा खर्च ११५ रुपये. अंडे ५ रुपयांना जात असेल तर रोज २३ अंडी जादा मिळाली पाहिजेत, तेव्हा कुठे खर्च निघेल, नफा त्यापुढे. फुटकी अंडी व मरतूक घटली तर तीही जमेस धरावी.

आम्ही कापडवाले नमुना धुऊन रंग पाहिल्याशिवाय गठ्ठा उचलत नाही. तीच रीत येथे ठेवावी. एकाच वयाच्या, एकाच जातीच्या कोंबड्यांचे पाचशे-पाचशेचे दोन भाग करावेत. पहिले दोन आठवडे दोघांना सारखेच खाद्य देऊन दोन्हीकडची अंडी मोजावीत. मग एकाच भागाला चूर्ण सुरू करावे. सहा आठवडे अंडी, खाद्य, फूट व मरतूक रोज वहीत लिहावी.

सोमवारच्या बाजारात हळद घेताना भडक सुटी पूड टाळावी. तिच्यात शिशाच्या रंगाची भेसळ असू शकते. हळकुंडे घेऊन दळावीत. झेंडू फवारणीचा नसावा.

शेवटी ध्यानात ठेवावे की राणीखेतची लस, कोरडा बिनबुरशीचा मका, स्वच्छ पाणी आणि रोज सुमारे सोळा तास उजेड यांची जागा कोणतीही वनस्पती घेत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. ते शिंपल्यांसारख्या स्रोतातून द्यावे लागते. ही बैठक पक्की असेल तरच वनस्पतीवर पैसा घालावा. कोंबड्या आजारी दिसल्या तर चूर्णाची वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा.